टाकीची कुळकथा

शब्दांचे मनुष्यांसारखेच आहे. काही शब्द जन्मापासून घरचे असतात, काही पाहुणे म्हणून येतात, आणि काही पाहुणे असे की, चार दिवसांच्या मुक्कामास म्हणून आले आणि ओसरीवर पथारी पसरून कायमचे घरचेच झाले. स्टेशन, तिकीट, पेन्सिल, मास्तर, कप, बस या शब्दांस परके म्हणण्यास आज कोणाची जीभ वळणार नाही. शेतावर जाणारी निरक्षर म्हातारीदेखील ते निःशंकपणे वापरते, आणि ते इंग्रजी आहेत हे तिला सांगितल्यास ती आपल्यालाच हसेल. परंतु या पाहुण्यांच्या मेळाव्यात क्वचित एखादी अशीही व्यक्ती निघते की, तिचा चेहरा नीट निरखून पाहिल्यावर घरातील वडील माणूस म्हणते, ‘अहो, ही तर आपलीच लेक दिसते!’ परदेशी नांदून, परदेशी वेष लेवून ती माहेरी आलेली असते, आणि आपण मात्र तिला पाट मांडून पाहुणी म्हणूनच वाढीत असतो.

आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस अशाच एका शब्दाची ओळख करून देऊ इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘टँक’. इंग्रजी दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेच्या मुलासही तो ठाऊक असतो. त्याचा अर्थ विचारला तर तो तत्काळ ‘टाकी’ असे उत्तर देतो, आणि त्याचे ते उत्तर बरोबरही असते. मग यात सांगण्यासारखे ते काय राहिले, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे आहे की, या चिमुकल्या शब्दाच्या पोटात आपल्या देशाचा बराच इतिहास साठलेला आहे. शिवाय आम्ही जेथे राहतो त्या चाकूर तालुक्यात, किंबहुना साऱ्या लातूर-नांदेडच्या मुलखात, या शब्दाचा आणि लोकांच्या सुखदुःखाचा जितका निकट संबंध आहे तितका दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी शब्दाचा नसेल.

प्रथम त्याचे कुळ पाहू. इंग्लंडातील लोकांस हा शब्द पूर्वी ठाऊक नव्हता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात व्यापारासाठी येणाऱ्या इंग्रजांनी येथील तळी व हौद पाहिले आणि त्यांस ते ‘टँक’ म्हणू लागले. त्यांना हा शब्द कोठून मिळाला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पोर्तुगीज भाषेत ‘तांके’ असा तळ्याला शब्द आहे. तो लॅटिनमधील साचलेल्या पाण्याच्या शब्दापासून आला, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, गुजराती ‘टांकुं’ व मराठी ‘टांके’ हे शब्द पश्चिम किनाऱ्यावर आधीपासून बोलण्यात होते, व तेच इंग्रजांच्या कानी पडले. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी सन १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉबसन-जॉबसन’ नावाच्या प्रख्यात कोशात या वादाची चर्चा केलेली आहे. बहुधा दोन्ही प्रवाह एकत्र मिळाले असावेत. दोन ओढे एका तळ्यात यावेत तसे. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती सन १८३१ ची. पाणी साठविण्याच्या जागेस ‘टांके’ म्हणतात हे त्या कोशास चांगले ठाऊक आहे. तात्पर्य, ज्या शब्दाचे आपण ‘टाकी’ असे भाषांतर करतो, तो मुळात बऱ्याच अंशी आपलाच असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आणि का असू नये? शब्द तेथेच जन्मतो जेथे त्या वस्तूची गरज असते. इंग्लंडात बारा महिने पाऊस. तेथे पाणी साठवून ठेवण्याची चिंता ती कोणाला? आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने आभाळ कोरडे. जो मनुष्य चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवू शकेल तोच या भूमीवर टिकेल, हे आपल्या पूर्वजांस पुस्तक न वाचता कळले होते. मुंबईजवळ बोरीवलीस कान्हेरीची लेणी आहेत. त्या डोंगरात शंभराहून अधिक विहारे खोदलेली असून बहुतेक प्रत्येकाच्या दाराशी कातळात कोरलेले पाण्याचे टाके आहे. माथ्यावरून वाहणारे पावसाचे पाणी लहान लहान चरांनी त्या टाक्यांत आणून सोडलेले आहे. कोणा व्यापाऱ्याने, कोणा गृहस्थाने, कोणा भिक्षुणीने दान दिले, तेही तेथे शिलालेखांत कोरून ठेवले आहे, आणि त्या प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ असा शब्द आहे. पाण्याचे टाके खोदून देणे हे त्या काळी नाव कोरून ठेवण्याजोगे दान समजले जाई, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढे गडकोटांचा काळ आला. शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची टाकी आजही प्रवासी मोठ्या कौतुकाने पाहतात. सन १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले ‘आज्ञापत्र’ प्रसिद्ध आहे. त्यात किल्ला कोठे बांधावा हे सांगताना अमात्यांनी तटबुरुजांच्याही आधी पाण्याचा विचार सांगितला आहे. जेथे पाणी नाही अशी जागा घेणे भागच पडले तर आधी खडक फोडून तळी व टाकी करावी, ती पुढच्या पावसापर्यंत साऱ्या गडास पुरतील अशी असावी, असा त्यांचा उपदेश आहे. इतकेच नव्हे, तर गडावर झरा वाहत असला तरी तेवढ्यावर विसंबून स्वस्थ बसू नये, कारण लढाईच्या धामधुमीत झरा आटू शकतो, असेही ते बजावतात. वाहते पाणी आहे म्हणून साठा करू नये, ही चूक राज्यकर्त्यास परवडत नाही. मग गृहस्थाश्रम्यास ती कशी परवडावी?

इंग्रजी अमदानीत हाच शब्द ‘टँक’ होऊन नगरांच्या नावांत शिरला. मुंबईत सी. पी. टँक नावाचा भाग आहे. ही दोन अक्षरे कावसजी पटेल या पारशी गृहस्थांची, ज्यांनी तेथे तलाव बांधला. गोवालिया टँक हे नाव तर प्रत्येक भारतीयास पूज्य आहे. गवळी लोक जेथे गुरे धूत त्या तलावाच्या जागी झालेल्या मैदानावरच सन १९४२ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस ‘छोडो भारत’चा ठराव झाला. आज या दोन्ही ठिकाणी गेलेल्या मनुष्यास माणसांचा महापूर दिसतो, परंतु तलाव दिसत नाही. तलाव बुजले, नावे राहिली. आमचा मराठवाडा सन १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि इकडचे लोक कामकाजास, विद्येस हैदराबादेस जात. तेथील हुसेनसागराच्या बांधास सारे शहर ‘टँक बंड’ म्हणते. तेथे मात्र सुदैवाने नावही आहे आणि पाणीही आहे. नाव राहणे आणि पाणी राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या नगरांवरून शिकावे.

या शब्दास एक रणगाड्याचाही अर्थ आहे, आणि मुलांस तोच फार आवडतो. त्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील लिंकन या गावी पोलादी कवचाची, खंदकांवरून सरपटत जाणारी एक नवीन गाडी गुप्तपणे तयार होत होती. तिला प्रथम ‘जमिनीवरचे जहाज’ म्हणत. परंतु ते नाव ऐकताच शत्रूस सारे उमजले असते. म्हणून सन १९१५ च्या अखेरीस असे नाव शोधण्यात आले की, ज्यावरून कोणासही काही कळू नये. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात सैन्यासाठी पाणी वाहून नेण्याच्या टाक्या येथे तयार होत आहेत, अशी हूल उठविण्यात आली, आणि त्या यंत्रास ‘टँक’ हे नाव चिकटले. सन १९१६ च्या सप्टेंबरच्या १५ तारखेस फ्रान्समध्ये सोम नदीच्या रणक्षेत्रावर ते प्रथम उतरले. त्याच काळी मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी लढत होत्या आणि तेथील उन्हातान्हात त्यांस खऱ्याखुऱ्या पाण्याची गरज होती, हे मनात आणले म्हणजे या नावातील विनोद थोडा कडू लागतो. तहानेल्यास पाणी देणाऱ्या वस्तूचे नाव प्राण घेणाऱ्या वस्तूस मिळाले, आणि आज ‘टँक’ म्हणताच जगातील पुष्कळ लोकांच्या डोळ्यांपुढे पाणी न येता तोफ येते.

आता आमच्या वर्गात काय झाले ते सांगतो. शब्द एकटा शिकवू नये, वाक्यात शिकवावा, असे आम्हांस आमच्या गुरुजनांनी शिकविले. त्याप्रमाणे सन २०१६ च्या मार्च महिन्यात आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर ‘टँक’, ‘टाकी’, ‘टँकर’ असे तीन शब्द लिहिले आणि त्यांचा उपयोग करून वाक्ये करण्यास सांगितले. मुलांनी उत्साहाने पाट्या नव्हे, वह्या भरल्या. एकाने सीमेवरील रणगाड्याचे वर्णन लिहिले. आमच्या गावी सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने सैन्याची हौस इकडील मुलांस उपजतच आहे. दुसऱ्याने मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीविषयी लिहिले. तिसऱ्याने ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण लिहून तिचा अर्थ असा केला की, डोक्यावर पाण्याची टाकी पडली तरी जो टिकतो तोच देव होतो! सारा वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो, आणि मग सांगितले की, या म्हणीतील टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. संस्कृतात तिला ‘टंक’ म्हणतात. परंतु त्या मुलाचे वाक्य अगदीच टाकाऊ नव्हते. कातळातील टाके छिन्नीनेच, म्हणजे टाकीनेच खोदावे लागते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडास देवपण येत नाही, तसेच पाणीपणही येत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीनेही ही तीन भावंडे पाहण्यासारखी आहेत. ते टाके, नपुंसकलिंगी. त्याचे अनेकवचन ती टाकी. ती टाकी, स्त्रीलिंगी; तिचे अनेकवचन त्या टाक्या. तो टँकर, पुल्लिंगी. त्याचे अनेकवचनही टँकरच. एकाच कुळात तीन लिंगे नांदतात. इंग्रजीत क्रियापदास किंवा नामास शेवटी ‘अर’ असा प्रत्यय लावला की करणारा असा अर्थ होतो. टँकर म्हणजे टाकीचे काम चालता चालता करणारा. आरंभी तेल वाहून नेणाऱ्या जहाजास हा शब्द होता; मग रस्त्यावरील मोटारीस लागला; आणि आमच्या मुलखात येता येता त्याने तेल सोडून पाणी धरले.

त्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने एकच वाक्य लिहिले होते. ती जवळच्या एका खेड्यातून पायी येत असे, आणि फेब्रुवारीपासून तिच्या हजेरीत फार खाडे पडत होते. तिचे वाक्य असे: ‘टँकर येतो तेव्हा शाळा जाते.’ पाचच शब्दांचे वाक्य, व्याकरण निर्दोष. येतो आणि जाते या दोन क्रियापदांचा विरोध तिने कोणत्याही अलंकारशास्त्रावाचून साधला होता. आम्ही त्या वाक्याखाली पूर्ण गुण दिले. परंतु गुण देऊन मन स्वस्थ झाले नाही.

शहरातील वाचकांस टँकरची रीत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. टँकर काही घड्याळावर येत नाही. जेथे पाणी शिल्लक असेल अशी विहीर किंवा बोअर सरकार ताब्यात घेते. तेथे वीज असेल तेव्हा मोटार चालते. मोटार चालेल तेव्हा टँकर भरतो. आणि भरलेला टँकर खडबडीत वाटेने गावी पोहोचतो. वीज पहाटे आली तर टँकर सकाळी, वीज दुपारी आली तर टँकर तिसऱ्या प्रहरी. गावी आल्यावर ते पाणी पुष्कळदा सार्वजनिक विहिरीत सोडतात, आणि मग साऱ्या बायका व मुली दोर घेऊन विहिरीच्या काठी गोळा होतात. सोडलेले पाणी पुन्हा शेंदून काढावयाचे! जो उशिरा येईल त्याच्या वाट्यास गाळ. अशा वेळी शाळेची घंटा कोणास ऐकू येणार?

त्या मुलीचे वडील पालकसभेस आले तेव्हा आम्ही त्यांस खाड्यांविषयी विचारले. गृहस्थ सालस होते. रागावले नाहीत, सबबीही सांगितल्या नाहीत. फक्त म्हणाले, “सर, तिनं वर्गात बसावं हे खरंच हाय. पण घागरी कोण भरावं, ते तुम्हीच सांगा.” आम्ही वीस वर्षे मुलांस प्रश्न विचारीत आलो आहोत, परंतु इतका सरळ प्रश्न आम्हांस क्वचितच कोणी विचारला असेल. त्या वेळी त्याचे उत्तर आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

लोक हा शब्द कसा वापरतात याकडेही आम्ही त्या उन्हाळ्यात कान देऊन होतो. आमच्याकडे गावात टँकर ‘सुरू झाला’ असे कागदावर लिहितात. परंतु बोलताना लोक म्हणतात, ‘त्या गावाला टँकर लागला.’ हे ‘लागणे’ क्रियापद विचार करण्यासारखे आहे. ग्रहण लागते, दृष्ट लागते, साथ लागते, नाद लागतो, व्यसन लागते. ज्या गोष्टी मनुष्य आपण होऊन मागत नाही आणि एकदा आल्या की सहजी सुटत नाहीत, त्यांस आपली भाषा ‘लागली’ म्हणते. उलट, ज्या गावास टँकरची गरज उरत नाही त्यास ‘टँकरमुक्त’ म्हणतात. कर्जमुक्त, व्यसनमुक्त म्हणावे तसे. वर्तमानपत्रांनी तर मराठवाड्यास ‘टँकरवाडा’ असे नाव ठेवले आहे. कोणा शिक्षकाने सांगितल्याशिवाय लोकांनी या शब्दास योग्य क्रियापद आणि योग्य समास शोधून दिला, हे पाहून भाषेचे खरे शिक्षक कोण हे आम्हांस कळले.

आमच्या वृद्ध मातोश्री त्या वर्षी आमच्याजवळ होत्या. त्यांस वार आणि तिथी यांची आठवण पूर्वीप्रमाणे राहत नसे. परंतु ‘टँकरच्या आदल्या दिवशी’, ‘टँकर आला त्या दिवशी’ असे त्यांचे पंचांग बिनचूक असे. एके दिवशी त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी आम्ही पाण्याकडं जात होतो. आता पाणी आमच्याकडं येतंय, अन् आम्ही नुसती वाट बघत बसतो. मग सुख वाढलं का रे?” आम्ही पदवीधर, परंतु टाके आणि टँकर यांतील भेद इतक्या थोडक्यात आम्हांस सांगता आला नसता.

त्या वर्षी जे घडले ते आता इतिहासात जमा झाले आहे. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले. सन २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या साठ्यांभोवती पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, असा हुकूम काढावा लागला. दंग्यासाठी असलेले कलम पाण्यासाठी लावावे लागले! मग एप्रिलच्या १२ तारखेस मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. तिला ‘जलदूत’ असे सुंदर नाव होते. राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात धुऊन स्वच्छ केलेल्या टाक्यांच्या वाघिणी तिला जोडल्या होत्या. ज्या मार्गावर एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी धावत असे त्याच मार्गाने सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून ती आली. पहिल्या गाडीत १० वाघिणी, आणि पाणी सुमारे ५ लक्ष लीटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लक्ष लीटर पाणी आणू लागली. लोकांनी गाडीस हार घातले, आणि ते योग्यच झाले. ज्यांनी पाणी दिले आणि ज्यांनी रात्रंदिवस खपून ते पोहोचविले त्यांचे ऋण लातूर विसरणार नाही.

परंतु गणिताच्या तासास आम्ही मुलांस एक उदाहरण घातले. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लक्ष ८२ हजार. तर पहिल्या गाडीचे पाणी माणशी किती आले? मुलांनी भागाकार केला: सव्वा लीटरहून थोडे अधिक. आणि पन्नास वाघिणींच्या गाडीचे? साडेसहा लीटर, म्हणजे अर्धी घागर. वर्ग बराच वेळ शांत होता. एवढी मोठी आगगाडी आणि अर्धी घागर!

मग आम्ही दुसरे उदाहरण घातले. एका घराचे छप्पर १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. एका वर्षी ७०० मिलीमीटर पाऊस पडला, तर छपरावर किती पाणी पडले? एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी होते, हे सूत्र. उत्तर आले: ३५ हजार लीटर. वाहून, उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला असे धरले तरी २८ हजार उरले. दहा हजार लीटरचा टँकर धरल्यास जवळजवळ तीन टँकर पाणी प्रत्येक वर्षी आपल्याच डोक्यावर, कोणाकडे अर्ज न करता, येऊन पडते आणि अंगणातून ओढ्याकडे निघून जाते.

आता घरात पाच माणसे, आणि पिण्यास व स्वयंपाकास माणशी दहा लीटर. दिवसास ५० लीटर झाले. फेब्रुवारीपासून मेअखेर १२० दिवस धरा. एकूण ६ हजार लीटर. एवढे पाणी मावण्यास टाके केवढे हवे? २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर खोल. घरामागील एक कोपरा! पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे, कारण ते छप्पर धुऊन येते. मग वाळू, खडी व कोळसा यांच्या थरांतून गाळून ते आत घ्यावे. वर घट्ट झाकण असावे म्हणजे ऊन व डास आत जाणार नाहीत. पिण्यापूर्वी उकळून घ्यावे. राजस्थानच्या वाळवंटात, जेथे आपल्याहून फारच थोडा पाऊस पडतो, तेथे घरोघर अशी रीत आहे. आणि ते लोक त्यास काय म्हणतात? ‘टांका’! आपलाच शब्द तेथे वस्तूसह जिवंत आहे.

याने सारा दुष्काळ हटेल असे आमचे म्हणणे नाही. गुरांस पाणी लागते, शेतीस लागते. आपल्या काळ्या फत्तराच्या पोटात पाणी फार राहत नाही, आणि शेकडो फूट बोअर खणूनही धूळच वर येते, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. कोणते पीक घ्यावे आणि नदीचे पाणी कोणी किती घ्यावे, हे मोठे प्रश्न मोठ्यांनीच सोडवावयाचे आहेत. गरीबास टाके बांधण्याचाही खर्च जड जातो, आणि तेथे ग्रामपंचायतीने व शेजाऱ्यांनी हात दिला पाहिजे. परंतु पिण्याच्या घागरीचा प्रश्न, ज्यापायी मुलींची शाळा बुडते, तो पुष्कळ अंशी घरच्या घरी सुटण्याजोगा आहे. त्या पालकांनी आम्हांस जो प्रश्न विचारला त्याचे एवढेच उत्तर आज आमच्यापाशी आहे: घागर पावसाळ्यातच भरून ठेवावी, म्हणजे चैत्रात ती भरण्यासाठी लेकीस वर्गातून उठावे लागणार नाही.

टाके आणि टँकर हे एकाच कुळातील दोन शब्द. परंतु त्यांचे स्वभाव किती वेगळे! टाके आपण खणतो, टँकरची आपण वाट पाहतो. टाके ओसरीमागे मुकाट्याने बसून राहते, टँकर भोंगा वाजवीत येतो. टाक्यास चार महिन्यांपूर्वीची दूरदृष्टी लागते, टँकरला दुसऱ्याची कृपा. संकटसमयी टँकर यावाच लागतो, आणि तो आणणाऱ्यांचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु ज्या लोकांनी ‘टाके’ हा शब्द जगास दिला असेल त्यांनी जगाकडून ‘टँकर’ एवढाच शब्द परत घेऊन संतुष्ट राहावे, हे शोभत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक गोष्ट आहे. त्याचा पिता अब्राहाम याने खणलेल्या विहिरी शत्रूंनी माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या, आणि पित्याने ठेवलेली जुनी नावेच त्यांस पुन्हा ठेवली. आमच्या मुलखात शत्रूची जरूर पडली नाही. नळ आला, बोअर आले, आणि आपले आड व बारवा आपणच केरकचऱ्याने बुजविल्या. परंतु इसहाकाचे काम करणारेही आहेत. परभणी जिल्ह्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची एक प्राचीन बारव आहे. गावकऱ्यांनी एकत्र येऊन, तिच्यातील गाळ व कचरा उपसून ती पुन्हा मोकळी केली. ज्यांस सहल काढावयाची असेल त्यांनी ती पाहून यावी.

विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली आहे. आम्ही तुम्हांस एकच गृहपाठ देतो. घरी गेल्यावर आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसा आणि आपल्या गावात आड कोठे होते, बारव कोठे होती, कोणाच्या वाड्यात हौद होता, त्यास काय नाव होते, हे विचारून वहीत लिहून घ्या. मग एक टेप घेऊन आपल्या घराचे छप्पर मोजा आणि वर सांगितलेले गणित स्वतः करून वडिलांस दाखवा. पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी ते गणित लक्ष देऊन पाहावे. उत्तर चुकले असल्यास दुरुस्त करावे, आणि बरोबर असल्यास मृग निघण्यापूर्वी घरामागील कोपऱ्यावर एकवार नजर टाकावी.